गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला तर विश्वाची वीण कशी बदलेल?

पुणतांब्याहून एका तरुण वाचकाने आम्हाला प्रश्न पाठवला आहे. तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकतो. त्याच्या मोबाइलवर एक संदेश फिरत फिरत आला. आकाशात अतिप्रचंड रचना सापडल्या, आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत खोटा ठरला, पाश्चात्त्यांचे विज्ञान कोसळले आणि हे सारे आपल्या प्राचीन ग्रंथांत आधीच लिहिलेले होते, असा त्या संदेशाचा मथितार्थ. तरुणाचा प्रश्न सरळ आहे : यातले खरे किती?

ग्रंथांबद्दल आधीच सांगून टाकतो. ज्या ग्रंथातून शोध लागण्यापूर्वी एकही आकडा काढता आला नाही, त्यातून शोध लागल्यानंतर सगळे निघते, हा चमत्कार विज्ञानाचा नाही. आणि आपल्यातले काही जण जेव्हा 'सापेक्षता तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितली' असे पोस्टर करून फिरवतात, तेव्हा तेही त्याच रांगेत उभे राहतात. बुद्धाला भौतिकशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

उरलेला भाग मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलायला हवा का, यावर जगभर खरोखरच काम चालू आहे. त्यातले काही काम आपल्या पुण्यात झाले आहे. आणि त्या संदेशातली 'अतिप्रचंड रचना' ही बहुधा पुण्यातच जाहीर झालेली आहे.

२०१७ हे वर्ष पुणतांबेकरांना सांगावे लागत नाही. १ जूनला येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध-भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला आणि गोदाकाठचे हे गाव देशभरच्या बातम्यांत आले. त्यानंतर दीडेक महिन्याने, जुलैमध्ये, पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील खगोलशास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह एक घोषणा केली. जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आदींच्या या गटाला दीर्घिकांचा एक महासमूह सापडला होता. त्यांनी त्याला 'सरस्वती' हे नाव दिले. (नावावरून आपल्याकडे नाके मुरडली जातील, आमचेही मत विचाराल तर नाव वेगळे चालले असते. पण नावाने वस्तुमान बदलत नाही.) हा महासमूह आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांहून मोठा आणि वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांएवढे. त्यात चाळीसहून अधिक दीर्घिकासमूह आहेत आणि एकेका समूहात शेकडो दीर्घिका असू शकतात.

नोव्हेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास पुणतांब्यातून वर पाहिले तर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर दिसतो. त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूच्या मध्यापासून आणखी एका बाजूइतके दक्षिणेला सरकले की आलीच ती दिशा. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीचे वय फार तर पन्नास-साठ कोटी वर्षांचे होते.

आता मुख्य प्रश्न. एवढी मोठी गाठ तयार होते कशी?

विश्वाचा सगळ्यात जुना फोटो आपल्याकडे आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना जो प्रकाश मोकळा झाला, तो आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. त्याचे तापमान जवळजवळ सर्वत्र सारखे आहे. फरक आहे तो एक लाखात एक भागाएवढा. म्हणजे त्या वेळी विश्व एखाद्या पाणी भरून थोपटलेल्या वाफ्यासारखे सपाट होते. आज मात्र एकीकडे दीर्घिकांची गर्दी आणि दुसरीकडे कोट्यवधी प्रकाशवर्षांचे ओसाड माळ. सपाट वाफ्यातून हे डोंगर-दऱ्या आले कुठून?

उत्तर : गुरुत्वाकर्षणातून. जिथे द्रव्य कणभर जास्त होते तिथे ओढ कणभर जास्त. ओढ जास्त म्हणून आणखी द्रव्य आले. द्रव्य आले म्हणून ओढ आणखी वाढली. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांच्या घराने भोगला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडचे होते तेही जाते. (यावरून कोणी 'विषमता हा निसर्गाचाच नियम' असे भाषण ठोकू नये. दीर्घिकांना संविधान लिहिता येत नाही, माणसांना येते.)

पण इथे एक अडथळा आहे. विश्व प्रसरण पावते आहे. गुरुत्वाकर्षण द्रव्य जवळ ओढते, त्याच वेळी प्रसरण सगळ्यांना एकमेकांपासून लांब नेते. व्याज लागते, पण दर महिन्याला हप्ताही कापला जातो, अशी ही अवस्था. गणित केले की कळते, विश्वात द्रव्याचा वरचष्मा असताना घनतेतला फरक चक्रवाढीच्या झपाट्याने वाढत नाही; विश्वाचा आकार जितक्या पट वाढतो तितक्याच पट तो वाढतो. आकार दुप्पट, फरक दुप्पट.

हा नियम हातात घेऊन आता पाटी-पेन्सिलचे गणित करू. तो जुना प्रकाश मोकळा झाल्यापासून आजवर विश्वाचा आकार साधारण ११०० पट वाढला. सुरुवातीचा फरक एक लाखात एक. त्याला ११०० ने गुणा. उत्तर येते सुमारे एक टक्का. थोडे उदार होऊन सुरुवातीचा फरक तिप्पट धरला तरी तीन टक्के. म्हणजे आजही विश्व जवळजवळ सपाटच असायला हवे होते. दीर्घिका नाहीत, सूर्य नाही, गोदावरी नाही, पुणतांबा नाही आणि प्रश्न विचारणारा तरुणही नाही.

हे गणित आम्हाला फार आवडते, कारण ते कोणत्याही दुर्बिणीशिवाय सांगते की काहीतरी राहून गेले आहे. नुसते दिसणारे द्रव्य आणि नुसते आइनस्टाइनचे गुरुत्वाकर्षण यांतून आपण तयार होत नाही.

मग राहिले काय? दोनच वाटा आहेत. एक तर न दिसणारे द्रव्य असले पाहिजे, किंवा नियम बदलला पाहिजे. विज्ञानाने या दोन्ही वाटा पूर्वी चालून पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळा पुढे चालणारा माणूस एकच होता. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या जागी सापडत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी म्हटले, नियम बरोबर आहे, बाहेर एक न पाहिलेला ग्रह ओढ देतो आहे. १८४६ मध्ये त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. मग बुध ग्रहही किंचित चुकीचा वागताना दिसला. ल व्हेरिए यांनी तेच औषध काढले : सूर्याजवळ आणखी एक ग्रह असेल. त्याला 'व्हल्कन' हे नावही मिळाले. लोकांनी तो पन्नास वर्षे शोधला. तो नव्हताच. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा तो फरक १९१५ मध्ये आइनस्टाइनने सोडवला आणि तो नियम बदलूनच सोडवला.

एकाच माणसाची, एकाच पद्धतीची दोन उत्तरे. एक बरोबर, एक साफ चूक. त्यामुळे आज जो 'न दिसणारे द्रव्य म्हणजे थोतांड' म्हणतो किंवा 'नियम बदला म्हणणारे वेडे' म्हणतो, त्याला इतिहास ठाऊक नाही एवढेच.

पहिली वाट म्हणजे कृष्णद्रव्य, ज्याला आपण डार्क मॅटर म्हणून ऐकतो. ते प्रकाशाशी काहीच देणेघेणे ठेवत नाही. सुरुवातीच्या तप्त विश्वात सामान्य द्रव्य प्रकाशाच्या दाबाने हेलकावे खात होते, त्याला गोळा होता येत नव्हते. कृष्णद्रव्याला तो दाब लागू नव्हता. ते आधीच गोळा होऊ लागले, खड्डे तयार करून बसले. प्रकाश मोकळा झाला तसे सामान्य द्रव्य त्या तयार खड्ड्यांत उतरले. हिशेब जुळला. आजच्या मोजणीप्रमाणे विश्वात सामान्य द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा. फक्त एक गोष्ट राहिली आहे : कृष्णद्रव्याचा कण आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत पकडला गेलेला नाही.

दुसरी वाट १९८३ मध्ये इस्रायलचे मॉर्देहाय मिलग्रोम यांनी दाखवली. त्यांचे म्हणणे असे की त्वरण अत्यंत कमी असते तिथे, म्हणजे पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे आठ हजार कोटीव्या भागाएवढे असते तिथे, न्यूटनचा नियमच बदलतो आणि ओढ अपेक्षेपेक्षा जास्त राहते. दीर्घिकांच्या बाह्यभागातील तारे इतक्या वेगाने का फिरतात हे या एका बदलातून आश्चर्य वाटेल इतके नीट निघते. या सिद्धांताची टिंगल करणाऱ्यांनी हे यश आधी मान्य करावे असे आम्हाला वाटते.

पण दीर्घिकेपाशी जिंकलेला सिद्धांत दीर्घिकासमूहापाशी अडखळतो. तिथे बदललेला नियम वापरूनही द्रव्य कमीच पडते. आणि विश्वाच्या रचनेपाशी आणखी मोठी अडचण उभी राहते. सुरुवातीच्या विश्वात सामान्य द्रव्य आणि प्रकाश यांच्या मिश्रणात ध्वनिलहरी फिरत होत्या. सगळे द्रव्य सामान्यच असते तर त्या लहरींचे ठसे आज दीर्घिकांच्या मांडणीत ठळक उमटले असते, ओल्या चिखलात बैलगाडीच्या चाकोऱ्या उमटाव्यात तसे. २००५ मध्ये स्लोन सर्वेक्षणाने ते ठसे शोधून काढले. ते आहेत, पण अगदी पुसट. म्हणजे द्रव्याचा मोठा भाग त्या लहरींत सामीलच नव्हता. हे कृष्णद्रव्याच्या बाजूने फार मोठे साक्षीपुरावे आहेत. २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोस्निक यांनी मिलग्रोमच्या विचाराचे असे रूप मांडले की ज्यात जुन्या प्रकाशाचा नकाशा जुळतो. मात्र त्यासाठी त्यांना विश्वात नवी क्षेत्रे घालावी लागली, जी सुरुवातीच्या काळात कृष्णद्रव्यासारखीच वागतात. दार बंद झालेले नाही, पण खोलीत फर्निचर बरेच वाढले आहे.

१९९८ नंतर या चर्चेला नवे वळण मिळाले. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले की विश्वाचे प्रसरण मंदावत नाही, उलट वेग घेते आहे. कारण म्हणून कृष्णऊर्जा पुढे आली. इथेही तोच प्रश्न : खरोखर काही ऊर्जा आहे, की फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाकर्षणच वेगळे वागते? यावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले. आयुकाचे वरुण साहनी आणि रशियाचे अलेक्सेई स्तारोबिन्स्की यांनी २००० मध्ये कृष्णऊर्जेच्या बाजूचे पुरावे एका प्रदीर्घ लेखात मांडले. त्याच साहनींनी युरी श्तानोव्ह यांच्यासोबत २००३ मध्ये दुसरीही शक्यता तपासली : आपले विश्व हे पाच मितींच्या अवकाशातील एक पडदा असेल आणि गुरुत्वाकर्षण त्या पाचव्या मितीत झिरपत असेल तर? एकाच संशोधकाने दोन्ही पक्षांचे वकीलपत्र घ्यावे यात विसंगती नाही. कोर्टात ते चालत नाही, विज्ञानात चालते.

नियम बदलण्याच्या अनेक तऱ्हा आहेत; सगळ्या सांगत बसलो तर लेख संपणार नाही. दोन घेऊ. पहिल्या तऱ्हेत आइनस्टाइनच्या समीकरणात अवकाशाच्या वक्रतेचे एक नवे फलन घालतात. त्याचा परिणाम असा की ठरावीक अंतराच्या आत गुरुत्वाकर्षण जास्तीत जास्त एक तृतीयांशाने वाढते. त्या अंतराच्या पलीकडे ते नेहमीसारखे. दुसरी तऱ्हा ती झिरपण्याची. तिच्या एका प्रसिद्ध रूपात, जे २००० साली मांडले गेले, फार मोठ्या अंतरावर ओढ कमी होते.

गंमत इथे आहे. दोन्ही सिद्धांत प्रसरणाचा वेग मात्र जवळपास कृष्णऊर्जेसारखाच दाखवू शकतात. म्हणजे केवळ विश्व किती वेगाने फुगते हे मोजून यांच्यातला निवाडा होत नाही. निवाडा होतो तो गाठी किती वेगाने वाढल्या यावर. पहिल्या तऱ्हेत ओढ जास्त, म्हणून गाठी लवकर वाढतात, आणि लहान गाठी मोठ्यांपेक्षा वेगळ्या दराने वाढतात. आइनस्टाइनच्या नियमात, फरक अजून लहान असतानाच्या टप्प्यावर, लहान-मोठ्या सगळ्या गाठी एकाच दराने वाढतात. दुसऱ्या तऱ्हेत वाढ मंदावते.

आकड्यात सांगतो. आज विश्वात द्रव्याचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. आइनस्टाइनचा नियम धरला तर विश्वाचा आकार एक टक्का वाढतो तेव्हा घनतेतला फरक सुमारे ०.५२ टक्क्याने वाढतो. झिरपणाऱ्या गुरुत्वाकर्षणात हाच आकडा ०.४४ च्या आसपास येतो. अर्ध्या टक्क्याच्या आतला हा फरक म्हणजे संपूर्ण खटल्याचा कणा आहे.

कोणी विचारेल, गुरुत्वाकर्षण एक तृतीयांशाने वाढले असते तर ते पुणतांब्याच्या बाजारातल्या काट्यावर दिसले नसते का? बरोबर शंका आहे. सूर्यमालेत आइनस्टाइनचा नियम इतक्या बारकाईने तपासला गेला आहे की तिथे असा बदल खपतच नाही. म्हणून या सिद्धांतांना लपण्याची सोय करावी लागते. २००४ मध्ये जस्टिन खूरी आणि अमांडा वेल्टमन यांनी अशी एक सोय मांडली आणि तिला रंग बदलणाऱ्या सरड्याचे नाव दिले. जिथे द्रव्य दाट, तिथे जादा ओढ लपून बसते. जिथे विरळ, तिथे ती बाहेर येते. आमच्या मते इथे संशयाने भुवई उंचावणे योग्यच आहे; जिथे तपासायला सोपे तिथे नेमके दिसत नाही, हे वर्णन आपण बुवा-बाबांच्या बाबतीतही ऐकलेले असते. फरक एकच आणि तो निर्णायक आहे. सरडा कुठे दिसेल, किती दिसेल, हे हा सिद्धांत आधी आकड्यांत लिहून देतो. बाबा देत नाही.

गाठींच्या वाढीचा वेग मोजायचा कसा? चारशे कोटी वर्षे थांबून दुसरा फोटो तर काढता येत नाही. त्यासाठी १९८७ मध्ये निक कायझर यांनी एक युक्ती स्पष्ट केली. दीर्घिकेचे अंतर आपण तिच्या प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे तांबड्याकडे सरकण्यावरून, काढतो. पण दीर्घिका प्रसरणासोबत दूर जातेच, शिवाय जवळच्या गाठीकडे ओढलीही जाते. त्या ओढीचा वेग अंतराच्या हिशेबात मिसळतो आणि नकाशावर दीर्घिकांची मांडणी आपल्या दृष्टीच्या दिशेने चपटी दिसते. मांडणी किती चपटी, त्यावरून ओढ किती ते कळते. नकाशातली चूक हेच मोजण्याचे साधन झाले.

दुसरे साधन प्रकाश वाकण्याचे. मोठ्या वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो, मागच्या दीर्घिकांचे आकार किंचित ताणले जातात. आता पहिल्या तऱ्हेच्या सिद्धांतात एक मर्म आहे : जादा ओढ दीर्घिकांना लागते, प्रकाशाला जवळपास लागत नाही. म्हणून एकाच गाठीचे वजन दोन काट्यांवर करायचे, एकदा दीर्घिकांच्या वेगावरून आणि एकदा प्रकाशाच्या वाकण्यावरून. दोन्ही वजने जुळली तर आइनस्टाइन पास. २०१० मध्ये ७० हजारांहून अधिक दीर्घिकांवर ही परीक्षा घेतली गेली. वजने जुळली. मिलग्रोमच्या विचारावर उभा असलेला एक सिद्धांत त्या परीक्षेत नापास झाला. वक्रतेच्या फलनाचा सिद्धांत मात्र वाचला, कारण काटे अजून तेवढे बारीक नव्हते.

सगळ्यात मोठी छाटणी झाली ती १७ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे तो संप आणि ती 'सरस्वती' यांच्याच वर्षी. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोहोचल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी त्यांचे गॅमा किरण पोहोचले. तेरा कोटी वर्षांची शर्यत आणि फरक दोन सेकंदांच्या आत. गुरुत्वाकर्षण प्रकाशाच्याच वेगाने धावते, हे त्या दिवशी पक्के झाले. ज्या ज्या सिद्धांतांत हे दोन वेग वेगळे होते, ते एका दुपारीत कचऱ्यात गेले. अनेकांचे वर्षानुवर्षांचे काम त्यात होते. वक्रतेच्या फलनाचा सिद्धांत याही वेळी वाचला, कारण त्यात लहरींचा वेग बदलत नाही.

अशा लहरी पकडणारी वेधशाळा आता महाराष्ट्रातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आयुका त्यातील भागीदार संस्था आहे. मराठवाड्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी या प्रकल्पाकडे 'वरचे काहीतरी' म्हणून पाहू नये. तिथे तंत्रज्ञ लागतील, संगणकाचे काम करणारे लागतील, संशोधक विद्यार्थी लागतील. त्या जागा कोणाच्या वाट्याला येतात हे आजपासून विचारले पाहिजे. देशातल्या मोठ्या विज्ञानसंस्थांत अनुसूचित जाती-जमातींचे प्राध्यापक किती, हा प्रश्न संसदेत पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, तो उगाच नाही.

मग 'सरस्वती'ने आइनस्टाइनला पाडले का? नाही. एवढ्या मोठ्या रचना संगणकावरील प्रतिरूपांत फार विरळ दिसतात, हे खरे आहे आणि म्हणूनच तिचा शोध महत्त्वाचा. पण एक उंच ऊस पाहून एकरी उतारा ठरत नाही. विश्वाच्या किती मोठ्या भागात अशा किती रचना आहेत ते मोजावे लागते. आणि ती मोजणी झाली की पहिला फटका बसतो तो वक्रतेच्या फलनाच्या सिद्धांताला, कारण जादा ओढीमुळे जड दीर्घिकासमूहांची संख्या वाढायला हवी. आजवरच्या मोजणीत तशी वाढ दिसलेली नाही. त्या सिद्धांताला त्यामुळे हातपाय पसरायला जागा फार थोडी उरली आहे.

उलट गेल्या दशकात कुजबुज होती ती दुसऱ्या बाजूची. जुन्या प्रकाशाच्या नकाशावरून आजच्या विश्वात जितक्या गाठी असायला हव्यात, त्यापेक्षा प्रकाश वाकण्याच्या मोजणीत त्या काही टक्के कमी भरत होत्या. खरे असेल तर गुरुत्वाकर्षण थोडे दुबळे आहे, म्हणजे ओढ वाढवणारे सिद्धांत ही अडचण सोडवत नाहीत, आणखी वाढवतात. व्हॉट्सअपवर 'आइनस्टाइन चुकला' म्हणणाऱ्यांपैकी कोणी ओढ जास्त हवी की कमी हवी एवढेही सांगत नाही. पुढे २०२५ मध्ये याच मोजणीतल्या एका प्रमुख सर्वेक्षणाने आपले अंतिम निकाल दिले आणि त्यात ही तफावत बहुतेक विरघळली.

दरम्यान अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातून चाललेल्या डेसी सर्वेक्षणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाठींच्या वाढीचा दर जाहीर केला. तो आइनस्टाइनशी जुळला. मार्च २०२५ मध्ये त्याच सर्वेक्षणाने जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांच्या नकाशावरून वेगळाच संकेत दिला : कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी, बहुधा क्षीण होत असावी. शोध म्हणून घोषित करायला लागणारी खात्री त्यात अजून नाही. तरी प्रकरण पुन्हा उघडले आहे, कारण कृष्णऊर्जा बदलते असे दिसणे आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम वेगळा असणे या दोन गोष्टी प्रसरणाच्या नोंदीत सारख्याच दिसू शकतात. पुन्हा निवाडा गाठींच्याच हाती.

या सगळ्यात एक मराठी नाव वगळून चालणार नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व तिचे स्वतःचे नसून विश्वातील इतर सर्व द्रव्यामुळे तिला मिळते, हा त्याचा गाभा. पुढे १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला पर्याय म्हणून अर्ध-स्थिर विश्वाचा सिद्धांत दिला. निरीक्षणे त्यांच्या बाजूने गेली नाहीत. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण १९८८ साली स्थापन झालेल्या आयुकाचे ते पहिले संचालक होते आणि त्यांच्याच संस्थेत त्यांच्या मताविरुद्धचे काम जोमाने झाले. थानू पद्मनाभन यांचा 'स्ट्रक्चर फॉर्मेशन इन द युनिव्हर्स' हा ग्रंथ १९९३ चाच, अगदी त्याच वर्षीचा. विश्वाची रचना कशी घडली हे महास्फोटाच्या चौकटीत शिकवणारा. पद्मनाभन त्याच संस्थेत, थोडे पुढच्या खोलीत म्हणा ना. संचालकाला जे पटत नाही तेच शिकवणारा ग्रंथ लिहिणाऱ्यांचा तिथे सन्मान होता. आपल्या संघटनांत अध्यक्षांच्या मताविरुद्ध पत्रक काढणाऱ्याचे काय होते, हे वाचकांनी आपापले आठवावे.

याच नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाचीही परीक्षा घेतली होती. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतील मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती. ज्योतिषांनी त्यानंतर काही बदलले नाही. मिलग्रोमच्या बाजूचे लोक २०१० च्या परीक्षेनंतर बसले, हिशेब पुन्हा केला आणि ११ वर्षांनी नवे रूप घेऊन आले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा बहुतेक श्रद्धांजलींत त्यांच्या विज्ञानकथा आणि साधेपणा होता. त्यांचा हरलेला सिद्धांत क्वचितच होता. आम्हाला तो त्यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा भाग वाटतो.

विचारणाऱ्या तरुणासाठी शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. 'सरस्वती' शोधायला पुण्यातल्या गटाने नवी दुर्बीण उभारली नव्हती. न्यू मेक्सिकोतील स्लोन सर्वेक्षणाची माहिती सर्वांसाठी खुली आहे, तिच्यातून हा महासमूह निघाला. ती माहिती आजही इंटरनेटवर फुकट उतरवता येते. डेसीची पहिली माहितीही मार्च २०२५ पासून खुली आहे. युरोपचे युक्लिड यान जुलै २०२३ मध्ये उडाले आणि दीर्घिकांचे आकार व अंतरे दोन्ही मोजते आहे, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही काटे एकाच यानावर. चिलीतील रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे दिली. ०.५२ की ०.४४ हा प्रश्न आता खुल्या फायलींत येऊन पडणार आहे. पायथन ही संगणकभाषा आणि पदवीचे कलनशास्त्र एवढी तयारी असेल तर पुणतांब्यात बसूनही त्या फायली उघडता येतात. इंग्रजी अडत असेल तर आम्हाला लिहा, मिळून वाचू.